घड्याळाची मागची बाजू

अब्बासभाईंनी पांढरे हातमोजे चढवले तेव्हा मला वाटलं, आता हे कुणाचं तरी बाळंतपण करणार. पण त्यांनी कपाटातून नुसतं एक घड्याळ काढलं, मखमलीच्या तुकड्यावर ठेवलं आणि जरा मागं सरकून उभे राहिले. दर्शनाला आलेल्यांना जागा द्यावी तसे.

"बघा, माँजी."

मी बघितलं. घड्याळ होतं. काटे होते.

"केवढ्याला?"

त्यांनी आकडा सांगितला. माझ्या मुलानं, सुकुमारनं, लगेच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी उठून चालायला लागेन असं त्याला वाटलं असावं. तेवढ्या पैशात अख्ख्या गावजेवणाची भांडी आली असती, झाकणांसकट.

"आणि हे वापरलेलं?"

"वापरलेलंच. नवीन घ्यायला गेलात तर याच्या दुप्पट."

"वापरलेल्या पातेल्याला मोडीचा भाव येतो."

"आक्का," सुकुमार दातांतल्या दातांत म्हणाला, "हे पातेलं नाही."

हे वाक्य पुढं त्यानं इतक्या वेळा म्हटलं, की आमच्या घरात ते णमोकार मंत्राच्या खालोखाल झालं.

आमचा धंदा भांड्यांचा. जयसिंगपुरात स्टँडच्या मागं आमचं दुकान आहे. लग्नाला, बारशाला, पूजेला भांडी भाड्यानं द्यायची. मी शाळेत तिसरीपर्यंत गेले. पुढं मालक, आप्पासाहेब, गेल्यावर दुकान मीच चालवलं आणि त्यासाठी तिसरी पुष्कळ झाली. सुकुमार बी.कॉम. आहे. तो पावत्या करतो.

घड्याळ घ्यायला पुण्याला जायची वेळ आली ती नातीमुळं. स्वरूपाला सांगलीच्या शेडबाळ्यांचं स्थळ आलं होतं. मुलगा प्रज्योत, पुण्यात नोकरीला. दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. बापाचं नाव धनपाल. जागांचे व्यवहार करायचे. सांगलीला बंगला, दारात गाडी. स्वरूपा आणि प्रज्योत दोनदा भेटले होते आणि तिसऱ्यांदा भेटून आल्यावर पोरगी जिना चढताना गुणगुणायला लागली होती. मी ते ऐकलं होतं. त्यामुळं मला तोंड सांभाळून बोलायचं होतं. मला ते जमत नाही, पण सांभाळत होते.

आमच्या घराची एक रीत आहे. स्थळाकडची माणसं आली की पहिल्या बशीत पोहे देतो ते बिनखोबऱ्याचे. माणसं मनात भरली तर दुसऱ्या बशीवर खोबरं पडतं. ही रीत माझ्या सासूची. बाहेरच्यांना ती माहीत नसते.

शेडबाळे बोलणी करायला आले त्या दिवशी धनपालरावांनी पहिल्या बशीतच हात जोडले.

"आक्का, हुंडा हा शब्द आमच्या घरात चालत नाही. पाप आहे ते. आम्हाला मुलगी आणि नारळ द्या."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खोबऱ्याची वाटी घेऊन दारात उभीच होती. मी तिला डोळ्यांनीच थांब म्हटलं, कारण त्यांचं वाक्य अजून संपलं नव्हतं. माणूस हात जोडून थांबला, की पुढं 'फक्त' येतो.

"फक्त," धनपालराव म्हणाले, "पोराची एक हौस आहे. साखरपुड्याला एक घड्याळ."

"देऊ की," सुकुमार म्हणाला.

मग त्यांनी घड्याळाचं नाव सांगितलं. स्वित्झर्लंडचं. ते नाव मला तेव्हाही म्हणता येत नव्हतं, आताही येत नाही.

"नवीन नको हां," धनपालराव मोठ्या मनानं म्हणाले. "जुनं चालेल. उगीच तुम्हाला भुर्दंड कशाला? पुण्यात कॅम्पात अब्बासभाई म्हणून आहेत, माणूस सचोटीचा. फक्त बॉक्स, कागद, गॅरंटी कार्ड, सगळं कंपनीचं बघून घ्या. आणि बिल माझ्या नावावर करा."

"बिल तुमच्या नावावर का?" मी विचारलं.

"पोरं हरवतात हो कागद."

ते हसले. आम्ही हसलो. हसताना त्यांनी वेळ बघायला डावा हात वर केला आणि तसाच खाली घेतला. मनगट मोकळं होतं. त्यावर पांढरा पट्टा होता, बांगडी काढल्यावर बाईच्या हातावर राहतो तसा. बाकीचा हात उन्हानं रापलेला.

खोबऱ्याची वाटी परत आत गेली. सूनबाई रुसली. तिला वाटलं, सासूला घड्याळाचे पैसे जड झाले.

तर असे आम्ही अब्बासभाईंच्या दुकानात बसलो होतो. सुकुमारनं मोबाईलवर वाचून प्रश्न तयार करून आणले होते. तो एकेक विचारत होता आणि अब्बासभाई लेकराला घास भरवावा तसं उत्तर देत होते. घड्याळाचा नंबर आणि कार्डावरचा नंबर एकच पाहिजे. तबकडी मूळची पाहिजे, पुन्हा रंगवलेली नको. किल्ली फिरवताना अडायला नको. पट्ट्याच्या कड्या सगळ्या पाहिजेत आणि सैल पडलेल्या नकोत. शेवटची दुरुस्ती कुणी केली ते विचारायचं, कारण चुकीच्या माणसानं एकदा उघडलं की घड्याळ आयुष्यभर आजारी.

"आणि कडा बघायच्या," ते म्हणाले. "चमकतंय म्हणून भुलायचं नाही. जास्त पॉलिश केलं की कडा गोल होतात. ओरखडे असलेले चांगले. ओरखडा खरा असतो."

हा माणूस मला पटला. आमच्याकडंही लख्ख घासून परत आलेलं भांडं मी आधी उलटं करून बघते. नक्की काहीतरी करपवलेलं असतं.

"बॉक्स नसला तर?" मी विचारलं. "वेळ चुकीची दाखवतं?"

"नाही हो, माँजी. घालायला बॉक्स लागत नाही. विकायला लागतो. बॉक्स, कागद असले की कुणीही उभ्या उभ्या पैसे देतो."

"असं."

मखमलीवर शेजारीच तसलंच अजून एक घड्याळ होतं. डोळे मिटून कुठलंही उचललं असतं तर फरक कळला नसता. पण किंमत जवळजवळ निम्मी.

"ह्याला काय झालंय?"

अब्बासभाईंनी ते उलटं केलं. मागं इंग्रजीत बारीक काहीतरी कोरलं होतं.

"कुठल्या तरी साहेबाला रिटायर होताना दिलेलं. त्याचं नाव, तारीख. आत मशीन उत्तम आहे. पण दुसऱ्याचं नाव कुणाला पाहिजे? वर्ष झालं, पडून आहे."

"खरवडून टाकायचं."

"खरवडलं की कळतं. झाकण पातळ होतं. मग अजून पडतं."

"आमच्याकडं नाव घातलेलं भांडं हरवत नाही," मी म्हणाले.

"हरवत नाही," अब्बासभाई हसून म्हणाले, "आणि विकतही नाही."

सुकुमारला वाटलं, म्हातारी आता निम्म्या किमतीच्या घड्याळावर अडून बसणार. त्यानं घाईघाईनं बिननावाचं पुढं ओढलं.

"हेच द्या. बिल धनपाल शेडबाळे या नावानं करा. त्यांनीच तुमचं दुकान सांगितलं."

"शेडबाळे? सांगलीचे?"

"तुमच्या ओळखीचे?" मी विचारलं.

"येतात अधूनमधून."

"घ्यायला?"

अब्बासभाईंनी डाव्या हातातला मोजा बोटाबोटातून नीट केला.

"चहा घेणार, माँजी?"

मी चहा घेतला. चांगला होता. निघताना ते सुकुमारला म्हणाले, "साहेब, एक लक्षात ठेवा. जुनं घड्याळ घेताना घड्याळाच्या आधी विकणारा माणूस बघायचा."

"आणि देताना?" मी विचारलं. "ज्याला द्यायचं तो?"

"ते आमच्या धंद्यात येत नाही."

"आमच्यात तेवढंच येतं," मी म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुकुमार बँकेत गेला तेव्हा मी घड्याळ पिशवीत घातलं आणि गजा तांबटाकडं गेले. गजा आमच्या भांड्यांवर नावं घालतो. त्याचा बापही आमचीच घालायचा. मी घड्याळ उलटं करून त्याच्यापुढं ठेवलं आणि काय घालायचं ते सांगितलं.

"आक्का, हे लई कडक दिसतंय. सुई मोडंल."

"सुईचं पैसं घे."

"आन् एवढं सगळं बसंल व्हय हितं? बशीएवढी तरी जागा पायजे."

"बसव. गोल गोल घाल. पण खोल घाल, हळदी-कुंकवाच्या वाटीवर घालतोस तसं वरवरचं नको."

त्यानं मशीन चालू केलं. टर्रर्र आवाज झाला. सगळं संपल्यावर त्यानं फुंकर मारली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. चि. प्रज्योत धनपाल शेडबाळे यांस, कै. आप्पासाहेब मगदूम परिवार, जयसिंगपूर यांजकडून साखरपुड्यानिमित्त सप्रेम भेट. शेवटचं 'भेट' किल्लीपाशी जाऊन आदळलं होतं.

"झाक आलंय," गजा म्हणाला.

घरी ते कुणाला झाक वाटलं नाही. सुकुमार पलंगावर बसला आणि दोन्ही हात डोक्याला लावून घड्याळाकडं बघत राहिला.

"आक्का, ते पातेलं आहे का? तो माणूस तुझ्यासमोर बोलला ना? तुझ्या कानानं ऐकलंस ना?"

"ऐकू कमी येतंय हल्ली."

"मी गिऱ्हाइकाला चार रुपये सोडलेले तुला वरच्या मजल्यावर ऐकू येतात!"

"नाव नसलेली परात परत येत नाही, सुकुमार."

"आपल्याला परत आणायचंच नाही ते! द्यायचं आहे!"

सूनबाई रडली. स्वरूपानं घड्याळ हातात घेतलं, मागची बाजू वाचली आणि माझ्याकडं बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आज्जी, ते हसतील मला."

"मागची बाजू आहे, बाई. मनगटाला लागणार. कोण बघतंय?"

"मी बघितलं की," ती म्हणाली आणि वर गेली. जिना चढताना गुणगुणली नाही.

सुकुमारचं म्हणणं, शेडबाळ्यांना आधीच फोन करून माफी मागावी. फोन हातात घ्यायचा आणि ठेवायचा. आईनं घड्याळावर गजाकडून नाव घालून आणलं, हे सांगायचं कसं? शेवटी लाजेपोटी त्यानं सांगितलंच नाही. माणसाची लाज कधी कधी फार उपयोगी पडते.

साखरपुडा झाला. सुकुमारनं घड्याळ प्रज्योतच्या मनगटात घातलं. फोटो निघाले. धनपालरावांनी सुकुमारला मिठी मारली, बॉक्स उघडून कार्ड बघितलं, बिल बघितलं आणि सगळं बायकोच्या पिशवीत तळाशी घालायला लावलं. प्रज्योत हात हलवून काचेवरचा उजेड स्वरूपाच्या तोंडावर पाडत होता आणि ती हसत डोळे मिटत होती. मला ते दिसलं. त्या वेळी मी पद्मावतीला हात जोडून म्हणाले, आई, माझी शंका खोटी ठरू दे. घरादारानं म्हातारीला आयुष्यभर अडाणी म्हटलं तरी चालेल.

पुढच्याच आठवड्यात, दुपारचा स्वयंपाक झाकून ठेवत होतो तेव्हा शेडबाळ्यांची गाडी दारात आली. बाप-लेक दोघंच. धनपालरावांच्या हातात बॉक्स होता.

"या की," मी म्हणाले. "जेवूनच जावा."

"जेवण राहू द्या, आक्का." ते बसले. प्रज्योत बसला नाही, खिडकीपाशी उभा राहिला. "तुम्ही वयानं मोठ्या. पण असं कुणी करतं का? इतक्या मोलाची वस्तू आणि मागं बाजारातल्या डब्यासारखं नाव?"

सुकुमार तीन पावलांत पुढं आला. "मी म्हटलं होतं हो आईला. चुकलं आमचं. आम्ही बदलून—"

"सुकुमार, पाणी आण."

"आक्का—"

"पाणी आण पावण्यांना."

तो गेला. स्वयंपाकघराच्या दारात स्वरूपा उभी होती. तिला वाटलं मी तिला बघितलं नाही.

"नाव वाईट आलंय का?" मी धनपालरावांना विचारलं. "शुद्धलेखनाचं काही असेल तर माझ्याकडं बघू नका, तिसरी झाली माझी."

"नाव वाईट की चांगलं हा प्रश्नच नाही!"

"मग वेळ बरोबर दाखवत नाही?"

"वेळेचा काय संबंध?"

"घड्याळ आहे, म्हणून विचारलं." मी प्रज्योतकडं वळले. "बाळ, तुला टोचतंय का मागून? खोल घालायला मीच सांगितलं होतं. टोचत असेल तर घासून देतो."

"नाही, टोचत नाही," तो म्हणाला.

"मग तुला कधी दिसलं नाव?"

तो बापाकडं बघायला लागला. पोरगं वाईट नव्हतं. खोटं बोलायच्या आधी विचार करावा लागत होता त्याला.

"आक्का, विषय भलतीकडं नेऊ नका," धनपालराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "तुम्हाला त्यातलं कळत नाही म्हणून सांगतो. या नावामुळं घड्याळाची किंमत निम्मी झाली. निम्मीसुद्धा कुणी द्यायला तयार नाही!"

सुकुमार पाण्याचा तांब्या घेऊन दारात थांबला.

"कोण तयार नाही?" मी विचारलं.

पंख्याचा आवाज येत होता. त्याला तेल पाहिजे होतं.

"कोण कोण तयार नाही, धनपालराव? एकट्या अब्बासभाईंना विचारलंत, का अजून कुठं हिंडलात?"

धनपालरावांनी वेळ बघायला डावा हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

स्वरूपा बाहेर आली. मी तिला बोलावलं नव्हतं. ती माझ्याजवळ न येता सरळ खिडकीकडं गेली.

"तू होतास बरोबर?" तिनं प्रज्योतला विचारलं.

"स्वरूपा, बाबांची थोडी अडचण आहे. दोन-तीन व्यवहार अडकलेत. मी म्हटलं होतं त्यांना, लग्नानंतर आपण दुसरं—"

"तू होतास का बरोबर?"

"गाडी मीच चालवत होतो."

"आणि घड्याळाची हौस कुणाची होती?"

मोबाईल काढून त्यानं वेळ बघितली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

स्वरूपानं बोटातली अंगठी ओढली. ती निघेना. उन्हाळ्याचे दिवस, बोटं सुजतात. तिनं फिरवून बघितली, पुन्हा ओढली. मग "थांबा हं" म्हणून ती मोरीत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. आम्ही सगळे तो आवाज ऐकत होतो. तेवढ्यात कुणीतरी काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून सुकुमारनं तांब्याची ताटली टेबलावर ठेवत विचारलं, "सांगलीला पाऊस आहे का?" धनपालराव म्हणाले, "नाही." एप्रिल चालू होता.

ती आली. हाताला साबणाचा फेस तसाच होता. अंगठी तिनं पाण्याच्या तांब्याशेजारी, ताटलीत ठेवली. ताटलीवर आमचं नाव होतं.

"घड्याळ राहू दे इथंच," ती धनपालरावांना म्हणाली. "तसंही तुमच्या उपयोगाचं नाही."

गाडी गेली. सुकुमार दारातून आत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि दुकानात गेला. त्या दिवसापासून तो 'हे पातेलं नाही' असं म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.

स्वरूपा माझ्याशी पावसाळा लागेपर्यंत बोलली नाही. सगळ्यांना वाटत होतं, तिनं माझे पाय धरावेत. तिनं का धरावेत? तिचा गुणगुणणारा जिना गेला होता. एके दिवशी डाळ निवडताना ती येऊन शेजारी बसली. सुपातले खडे काढता काढता म्हणाली, "मुद्दाम घातलंस ना नाव?"

"हो."

"मला सांगायचंस ना आधी."

"काय सांगणार? त्याच्या बापाच्या मनगटावर पांढरा पट्टा आहे म्हणून? तू ऐकलं असतंस?"

ती विचार करायला लागली. "नसतं ऐकलं."

"आणि खोटं निघालं असतं तर एका चांगल्या पोरावर मी डाग लावला असता. म्हणून नाव घातलं. त्यानं आयुष्यभर ते हातात घातलं असतं, तर नाव त्याला कुठं आडवं येणार होतं? मागची बाजू घालणाऱ्याला दिसत नाही, बाई. ती विकणाऱ्यालाच दिसते."

तिनं डाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

"आज्जी."

"काय?"

"'भेट' फार वाकडं आलंय."

ह्याला आता बारा वर्षं झाली. घड्याळ माझ्याकडंच आहे. मीच घालते. मला मोठं होतं म्हणून सुकुमारनं पट्ट्याच्या कड्या काढून आणल्या. दिवस मावळायच्या आत आमचं जेवण उरकायचं असतं, त्याला उपयोगी पडतं. वेळ चोख दाखवतं, अब्बासभाई खरंच सचोटीचे. पावणेरावळे आले की घड्याळाकडं बघतात, मग माझ्याकडं बघतात, मग हळूच विचारतात, "आक्का, खरं आहे का हो हे? केवढ्याला पडलं?" मी सांगते, स्टँडवर घेतलं.

साखरपुडा मोडल्यावर दोन वर्षांनी स्वरूपाला कुंभोजचं स्थळ आलं होतं. मुलगा कृषी खात्यात, एकटाच आला होता, एस.टी.नं. पोहे खाल्ले, बोलला थोडंच. माझा हात त्याच्यासमोर टेबलावरच होता, मी तो मुद्दाम तसाच ठेवला होता. त्यानं घड्याळाकडं बघितलं. नीट, वाकून बघितलं. मी वाट बघत होते.

"आज्जी," तो म्हणाला, "पाच वाजून गेले काय हो? मला चष्म्याशिवाय दिसंना. साडेपाचची गाडी आहे माझी."

मी त्याला वेळ सांगितली. मग आत जाऊन सूनबाईला म्हणाले, दुसरी बशी भर, आणि खोबरं हात राखून घालू नकोस.